दांडा बसल्याचा आवाज

गॅरेजात अंथरलेल्या पुठ्ठ्यावर एकूण त्रेचाळीस वस्तू होत्या. मोटर एक, ड्रम एक, गिअरचं घर एक, दुसऱ्या टोकाचं झाकण एक, दोन्ही टोकं बांधून धरणाऱ्या लांब सळया दोन. गिअरचे संच तीन आणि त्यांच्याभोवतीचं, बाहेरून खाचा पाडलेलं कडं एक. दांडा, दांड्याच्या टोकाची खुंटी, खुंटीमागची स्प्रिंग. ब्रेक एक. विजेचे रिले चार, मोटरचे कार्बन ब्रश चार, केबलला वाट देणारे रूळ चार, स्क्रू चौदा. हूक. गंजलेल्या केबलचं वेटोळं. ही झाली बेचाळीस. त्रेचाळिसावी तिची अंगठी, ग्रीसमध्ये हात घालण्यापूर्वी काढून कॉफीच्या बशीत ब्रशांशेजारी ठेवलेली. लिनेटने पुन्हा एकदा मोजलं. काँक्रीट तपासायच्या प्रयोगशाळेत पंचवीस वर्षं काढल्यावर दोनदा मोजल्याशिवाय कशावरही तिचा विश्वास बसत नसे. आकडा तोच आला. जे असायलाच हवं होतं ते नव्हतं. एकही तुटलेला दाता नव्हता, दात्याचा तुकडा नव्हता, ग्रीसमध्ये लोखंडाची कणीसुद्धा नव्हती.

हे विंच रामोनचं. रामोन तिचा थोरला दीर, आणि मे महिन्यात नवरा व्हायचा होता. जीपच्या पुढच्या बंपरवर बसवायचं, चिखलात किंवा ओढ्यात रुतलेली गाडी केबलने ओढून काढायचं हे यंत्र चौदा वर्षांपूर्वी ऐन वेळी मोडलं आणि तिचा नवरा इन्याकी वाहून गेला, ही गोष्ट अमेरिकेतल्या बॉइजी शहरातल्या त्यांच्या जीपवाल्यांच्या क्लबात सगळ्यांना पाठ होती. रामोन शहरभरातल्या म्हाताऱ्यांचे टोस्टर दुरुस्त करायचा, त्याच्या आईचं, आमाचं, कानातलं यंत्र सुईने साफ करून द्यायचा, शेजाऱ्यांच्या मेलेल्या इंजिनांना हात लावून जिवंत करायचा. त्याच्या शेडमध्ये न दुरुस्त झालेली एकच वस्तू होती, आणि ती ताडपत्रीखाली होती. लिनेटला ते नेहमी समजण्यासारखं वाटायचं. माणूस आपल्या दुःखाचे स्क्रू कशाला खोलेल. म्हणूनच तिला ती भेट सुचली. रामोन तीन आठवड्यांसाठी एल्को गावी पहिल्या लग्नातल्या मुलीकडे छप्पर घालायला गेला होता, शेडची किल्ली तिच्याकडे होती, आणि परत येईल त्या रविवारी त्याचा साठावा वाढदिवस होता. त्याला जे उघडणं जमलं नाही ते आपण उघडावं, धुवावं, नवे गिअर घालावेत आणि चालू करून त्याच्या पुढ्यात ठेवावं. लग्नाआधी घरातली ही एक मेलेली वस्तू तेवढी उठून बसावी. गिअरचा नवा संच तिने दुकानातून मागवलासुद्धा होता. तो खोका भिंतीशी होता, चिकटपट्टी न फाडलेला.

तिने भिंग घेतलं आणि दात्यांवरून एकेक करून फिरवलं. तिन्ही संचांचे दाते जुन्या नाण्यासारखे गुळगुळीत, कडा शाबूत. ग्रीस मात्र मेणासारखं घट्ट झालं होतं, मधाच्या रंगाचं, बोटाने दाबलं तर ठसा राहील इतकं. ब्रशांना तिने व्हर्नियर लावला. नवे असताना वीस मिलिमीटर असतात, हे साडेअठरा भरले. जळलेली मोटर उघडली की लाखेचा करपट वास येतो आणि तो वर्षानुवर्षं जात नाही, तिच्या प्रयोगशाळेतली दाबयंत्राची मोटर जळली होती तेव्हा अख्ख्या मजल्याला तो वास महिनाभर होता. तिने मोटरच्या पोटात नाक घातलं. थंड तांब्याचा वास आला, आणि थोडा धुळीचा. ती तशीच वाकून राहिली. बाहेर मार्चमधलं पातळ ऊन होतं, समोरच्या घरातला माणूस पाइपने गाडी धूत होता, आणि पाणी सिमेंटवर आपटण्याचा तो साधा आवाज तिला मध्येच नकोसा झाला.

त्या दिवशीही आधी पाण्याचाच आवाज होता. एप्रिलचा शेवट, वरच्या खोऱ्यातला ओढा, वितळलेल्या बर्फाचं राखाडी पाणी. रामोनची जीप आधी पार झाली आणि लिनेट त्याच जीपमध्ये बसली होती, कारण त्या जीपचा हीटर चांगला होता. इतक्या क्षुल्लक कारणाने ती वाचली होती. या गोष्टीचा तिने पुढे इतका विचार केला की शेवटी तीत विचार करण्यासारखं काही उरलं नाही. मागून इन्याकी आला. मधोमध त्याचं मागचं चाक पाण्याखालच्या कड्यावरून घसरलं, जीप कलली, दार दगडाला टेकलं. घाबरण्यासारखं नव्हतं, असे प्रसंग वर्षातून चारदा येत. रामोनने विंचचा दांडा उचलून ड्रम मोकळा केला, हूक धरून मांडीभर पाण्यात शिरला, इन्याकीच्या पुढच्या कडीत हूक अडकवला आणि परत आला. त्याचे हात गाजरासारखे लाल झालेले तिला आठवतात. काचेमागे इन्याकी हसत होता. हूक लागला की क्लबातला कुठलाही माणूस हसतो, जणू निम्मा बाहेर आलाच. त्याने अंगठा वर केला. लिनेटच्या हातात तिचं खाकी जाकीट होतं. केबलला ताण आला की तिच्यावर काहीतरी जड टाकायचं असतं, म्हणजे तुटलीच तर चाबकासारखी उसळून कुणाचं डोकं नेत नाही. ते तिचं काम होतं. दोन्ही हातांनी जाकीट धरून ती ताण यायची वाट पाहत उभी होती. रामोनने दांडा पाडला आणि बटण दाबलं. मोटरचा आवाज आला, वरच्या पट्टीतला, किणकिणता, भांड्यात काही न घालता लावलेल्या मिक्सरसारखा. केबल ढिलीच राहिली. रामोनने बटण सोडलं, पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं, पुन्हा दाबलं. मग त्याचा तो शब्द, ‘गेला! गिअर गेला!’ आणि तो पाण्यात धावला. ड्रम उलटा फिरायला लागला होता, सावकाश, जणू कुणीतरी मुद्दाम केबल देतंय, घे, आणखी घे. जीप उलटली तेव्हा इन्याकीचा तळहात काचेला चिकटलेला होता. तिने जाकीट टाकलंच नाही. टाकायची वेळच आली नाही.

रामोन पाण्यातून निघाला तेव्हा त्याचा खांदा निखळलेला होता. आजही त्याचा उजवा हात कानाच्या वर जात नाही. चर्चमध्ये आशीर्वाद घेताना सगळ्यांचे हात वर जातात आणि त्याचा एक कोपरातून वाकतो. ते बघून बायकांचे डोळे भरतात. लिनेटचेही भरायचे. नंतरच्या हिवाळ्यापासून तिच्या दारातलं बर्फ सकाळी तिच्या आधी कुणीतरी काढलेलं असायचं. पन्हळी साफ व्हायच्या, गाडीचं तेल बदललेलं असायचं, फाटकाच्या बिजागरीला तेल पडायचं. आभार मानले की तो टोपी खाली ओढायचा. सुरुवातीला तिला कृतज्ञता वाटायची, आठवणीने, ठरवून. मग तिची सवय झाली, आणि कधीतरी, सातव्या-आठव्या वर्षी, तिलाच कळलं नाही असं त्या सवयीला प्रेमाचा रंग चढला. बर्फ काढायचं खोरं घासल्याचा आवाज पहाटे ऐकू आला की अंथरुणात तिला सुरक्षित वाटायचं. गेल्या नाताळात त्याने खोरं भिंतीला टेकवलं आणि म्हणाला, ‘लिन, एकाच घराचं बर्फ काढायला लागलं तर बरं होईल. माझा खांदा दुखतो.’ ती हसली होती. हो म्हणाली होती. आता ती सगळी पहाटेची खोरी तिच्या डोक्यात एकामागून एक घासायला लागली, आणि ती त्यांना सांगत होती, थांबा, अजून काही सिद्ध झालेलं नाही.

फोन वाजला. आमा होत्या, तिच्या सासूबाई. त्र्याऐंशीव्या वर्षीही फोनवर त्या असं बोलत, जणू डोंगरापलीकडच्या धनगराला हाक मारतायत.

‘पोरी, हॉल मिळाला. मेचा तिसरा शनिवार. मेंढीचं मटण मीच करणार, त्या हॉटेलवाल्याला हात लावू देणार नाही. मागच्या वेळी त्याने त्यात गाजर घातलं होतं.’

‘बरं, आमा.’

‘बरं काय? आवाज असा का? सर्दी झालीय?’

‘हात ग्रीसचे आहेत.’

‘लग्नाच्या तोंडावर ग्रीस. माझ्या दोन्ही पोरांनी तुला बिघडवलं. हे बघ, थोरला नको असेल तर आत्ताच सांग. चर्चमध्ये तीन विधवा टपून बसल्यात, त्यांतल्या एकीचे तर सगळे दात स्वतःचे आहेत.’

‘आमा,’ लिनेट म्हणाली, ‘विंच मोडलं होतं हे तुम्हाला कुणी सांगितलं?’

पलीकडे भांड्याचं झाकण ठेवल्याचा आवाज आला.

‘रामोनने. आणखी कोण सांगणार? ओल्या कपड्यांनी दारात उभा होता. गिअर गेला म्हणाला. मला गिअर म्हणजे काय ते माहीत नव्हतं, मी विचारलं, मग इन्याकी कुठेय?’ पुन्हा झाकण वाजलं. ‘आज कशाला ते?’

‘सहज.’

‘सहज नको विचारूस. मटणाला मिरच्या कोणत्या आणू ते विचार.’

फोन ठेवल्यावर लिनेटने ते खाचांचं कडं उचललं. या यंत्राची गोम त्या दांड्यात असते. दांडा उचलला की कडं मोकळं होतं, ड्रम हाताने फिरतो आणि केबल ओढत नेता येते. दांडा खाली पाडला की त्याची खुंटी कड्यावरच्या एखाद्या खाचेत शिरते, कडं जागच्या जागी अडतं आणि मोटरचा सगळा जोर ड्रमला मिळतो. शिरते तेव्हा टक असा आवाज येतो. पण खुंटी दोन खाचांच्या मधल्या उंचवट्यावर टेकली, किंवा थंडीने ग्रीस घट्ट होऊन ती अर्ध्यातच अडकली, तर दांडा पडल्यासारखा दिसतो आणि पडलेला नसतो. मग मोटर नुसतं कडं गरागरा फिरवत राहते. यावर उपाय एकच, ड्रमला हाताने थोडासा धक्का द्यायचा, बोटभर फिरवायचा. टक होतं. कड्यावरच्या सगळ्या उंचवट्यांच्या माथ्यावर एक चकचकीत पट्टा होता, खुंटीच्या रुंदीचा. खुंटीचं टोक एका बाजूने घासून तिरपं झालेलं. तिने खुंटी त्या पट्ट्यावर ठेवून बघितली. तंतोतंत बसली. प्रयोगशाळेत फुटलेल्या काँक्रीटच्या नळकांड्याची भेग पाहून ती सांगू शकायची की दोष सिमेंटचा की भरणाऱ्याचा, आणि ते सांगताना तिला कधी काही वाटलं नव्हतं.

तरीही तिने काम सोडलं नाही. सोडलं असतं तर ते तिथेच, अर्धवट, शंकेसारखं पडून राहिलं असतं. संध्याकाळी जेवणाच्या आधी दोन तास, असं करत ती रोज बसली. जुनं ग्रीस लाकडी पट्टीने खरवडलं, भाग रॉकेलने धुतले, वाळवले. नवं पातळ ग्रीस भरलं, जे शून्याखालीही घट्ट होत नाही. ब्रेकच्या चकत्यांना मात्र बोटही लागू दिलं नाही, त्यांना ग्रीस लागलं तर ताण धरत नाहीत. जुने ब्रश परत घातले. रबरी कडी नवी, केबल नवी, घराला काळा रंग. खुंटी मात्र तीच ठेवली. गिअरचा खोका उघडला नाही. हात चालत होते आणि हात चालत असताना तिला चांगलं वाटत होतं, याचीच तिला चीड येत होती. कधी कधी ती रामोनच्या बाजूने बोलायची, मनातल्या मनात, वकिलासारखी. हात गारठले होते. भाऊ पाण्यात होता. कुणालाही वाटलं असतं गिअर गेला. मग त्याला ठाऊकच नसेल. चौदा वर्षं त्यालाही वाटत असेल की गिअरच गेला. या वाक्याशी ती येऊन थांबायची, त्यावर ऊब घ्यायची. खरंच ठाऊक नसेल तर मेचा तिसरा शनिवार जागच्या जागी होता, मटण होतं, हॉल होता.

यंत्र जोडून झाल्यावर तिने ते बाकाला बोल्टने बांधलं, गाडीच्या बॅटरीला जोडलं. दांडा पाडला, टक ऐकलं, बटण दाबलं. मोटर खालच्या सुरात घुमली आणि ड्रम फिरला. चौदा वर्षांनी, पहिल्याच दमात. मग तिने दांडा मुद्दाम अर्धा ठेवला, खुंटी उंचवट्यावर. बटण दाबलं. तो आवाज आला. वरच्या पट्टीतला, किणकिणता, रिकामा. गॅरेजच्या पत्र्याला लागून तो दुप्पट झाला. चौदा वर्षं ती त्या आवाजाला मोटर मरतानाचा आवाज समजत होती, स्वप्नातून त्याच्यामुळेच जागी होत होती, आणि ते मरणं नव्हतंच. ती धडधाकट मोटर होती, जिला कुणी काम दिलं नव्हतं. तिने बटण सोडलं. ड्रमवर तळहात ठेवला, लहान मुलाची पाठ थोपटावी इतक्याच जोराने ढकलला. टक.

ती उलट्या बादलीवर बसली. आणि मग, तिने बोलावलं नसताना, तो नियम आठवला.

क्लबात आता कुणीही विंच लावलं की दांड्याजवळचा माणूस ड्रम हाताने हलवून बघतो आणि मोठ्याने ओरडतो, ‘बसला!’ ते ऐकल्याशिवाय बटणवाला बटणाला शिवत नाही. पोरंटोरंसुद्धा हे खेळण्यातल्या गाड्यांशी खेळताना ओरडतात. दुसऱ्या क्लबांतले लोक त्यांना हसतात, आले बसलावाले म्हणून. हा नियम पूर्वी नव्हता. तो आला इन्याकी गेल्यावर महिन्याभराने, क्लबाच्या पहिल्याच सभेत. मांडणारा रामोन होता. झोळीत बांधलेल्या हाताने उभा राहून म्हणाला होता की दांडा नीट बसलाय की नाही हे बघण्यात आपण हयगय करतो, एखाद दिवशी महागात पडेल. एखाद दिवशी, असं म्हणाला होता. कुणीतरी सुचवलं की याला इन्याकीचा नियम म्हणू. सगळे उभे राहिले. लिनेट पहिल्या रांगेत होती, ती रडली होती, आणि घरी जाताना तिने रामोनचा चांगला हात दोन्ही हातांत धरून म्हटलं होतं, तुझे उपकार कसे फेडू. गिअर तुटून भाऊ गेलेल्या माणसाने गिअर तपासायचा नियम केला असता. त्याने दांड्याचा केला. इतकं उघड होतं ते. पन्नास माणसं त्या सभेत होती, सगळी यंत्रं खोलणारी, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही, कारण सगळे त्याच्या झोळीकडे बघत होते.

बादलीची कड मांडीला रुतत होती. ती उठली नाही. आतमध्ये काहीतरी मोठं कोसळेल अशी ती वाट पाहत होती, आणि कोसळत काहीच नव्हतं. फक्त एकेक वस्तू, बिजागरी, पन्हळ, तेल, खोरं, आपापल्या जागेवरून उठून भिंतीकडे तोंड करून उभी राहत होती.

रविवारी दुपारी तिने रामोनला प्रयोगशाळेच्या आवारात बोलावलं. तिथे काँक्रीटमध्ये रोवलेले दोन पोलादी खांब आहेत, ताण मोजायचे. एकाला तिने विंच बांधलं होतं, दुसऱ्याला भारमापक. सुट्टी असल्याने कुणी नव्हतं. रामोनने जीप लावली, कागदी पिशवी काढली, आणि आधी पिशवी दाखवली.

‘एल्कोचे सॉसेज. आमाला सांगू नकोस, तिच्या मते तिथल्या लोकांना लसूण म्हणजे काय ते माहीत नाही.’ त्याने आजूबाजूला बघितलं. ‘लोक वाढदिवसाला केक देतात. तू मला काँक्रीटच्या कारखान्यात आणलंस.’

‘प्रयोगशाळा आहे.’

‘दगड फोडता ना? मग तेच ते. पूर्वी कैद्यांना देत हे काम.’

मग त्याला ते दिसलं. तो खांबाजवळ गेला, पण हात लावला नाही. काळ्या रंगाकडे बघत राहिला. टोपी काढली, पुन्हा घातली.

‘रंग छान लावलायस,’ तो म्हणाला.

‘दोन हात दिले.’

‘माझ्या शेडमधनं आणलंस.’

‘भेट द्यायची होती.’

मग अगदी सहज, दुकानात विचारावं तसं त्याने विचारलं, ‘गिअर मिळाले याचे? जुनं मॉडेल आहे.’

अजूनही तिने वाक्य तयार ठेवलं होतं, त्याला ठाऊकच नसेल, हे वाक्य. त्याच्या या प्रश्नाने ते कुठे गेलं तिला कळलं नाही. त्याने प्रश्न विचारताना तिच्याकडे बघितलं होतं, किती कळलंय याचा अंदाज घ्यावा तसं.

‘मिळाले,’ ती म्हणाली. ‘खोका उघडला नाही.’

रामोनने सॉसेजची पिशवी जमिनीवर ठेवली. नीट, उभी राहील अशी.

‘कधी कळलं तुला?’ लिनेटने विचारलं.

‘लिन...’

‘एवढंच सांग. कधी.’

‘दुसऱ्या दिवशी.’ तो ड्रमकडे बघून बोलत होता. ‘शेडमध्ये जीपवरून हे काढायला गेलो. एका हाताने. ड्रमला कोपर लागलं. टक झालं.’

‘आणि?’

‘आणि काय? ताडपत्री घातली.’ त्याने ओठ पुसले. ‘आमा घरात होती. एक पोरगा वाहून गेलेला, सापडायचाय अजून, आणि दुसऱ्याने जाऊन सांगायचं की... कसं सांगतात ते? तू सांग. कुठल्या शब्दांत सांगतात?’

‘आमाला नसतं सांगितलंस तरी चाललं असतं. मला.’

‘तू विचारलं नाहीस कधी.’

‘मी कशाला विचारेन, रामोन? तू सांगितलं होतंस.’

समोरच्या रस्त्याने एक गाडी गाणी लावून गेली.

‘हात गोठले होते गं,’ तो म्हणाला. ‘दांडा पडलाय असं वाटलं. खरंच वाटलं.’

‘ते मला माहीत आहे. त्याबद्दल मी तुला एक शब्द बोलत नाहीये. माझ्या हातून झालं असतं, इन्याकीच्या हातून झालं असतं.’

‘मग?’

‘मग नियम कशाला केलास?’

‘पुन्हा कुणाचं होऊ नये म्हणून. झालंय का? चौदा वर्षांत एकाचं तरी झालंय?’

‘आणि नाव त्याचं.’

‘नाव मी नाही दिलं. त्यांनी दिलं.’

‘तू उभा राहिलास. मी तुझा हात धरून रडले, आणि तू धरू दिलास.’

‘मी पाण्यात उतरलो होतो, लिन.’ पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. उजवा हात वर गेला आणि नेहमीच्या ठिकाणी, कोपरातून, अडला. ‘हा हात बघतेस ना? मी उतरलो होतो.’

‘उतरला होतास. तेवढं खरं आहे. आणि तेवढंच होतं खरं, ते तू चौदा वर्षं पुरवून पुरवून वापरलंस.’

तो हात तसाच हवेत राहिला, मग खाली आला. तिला वाटलं होतं हे बोलल्यावर बरं वाटेल. बरं वाटलं नाही. समोर साठ वर्षांचा एक माणूस होता, कानामागे छपराच्या डांबराचा डाग असलेला, आणि तो डाग पुसावा अशी तिच्या बोटांना सवयीने इच्छा झाली. बोटं तिने खिशात घातली. खिशात बशीतून उचललेली अंगठी होती. ती तिने त्याच्यापुढे धरली.

‘हे आमाला मी नाही सांगणार. तू सांग. शब्द तूच शोध.’

‘फेकून दे म्हणालीस तरी चालेल.’

‘नाही. तुझ्या खिशात राहू दे.’

त्याने घेतली. कुठल्या खिशात ठेवावी हे त्याला कळेना. शेवटी शर्टाच्या खिशात ठेवून त्याने बटण लावलं. पिशवी उचलण्यासाठी तो वाकला.

‘थांब,’ ती म्हणाली. ‘चाचणी राहिलीय. दोन माणसं लागतात.’

‘मी नाही करणार हे.’

‘किती ताण हवा होता त्या दिवशी? तू सांगायचास सगळ्यांना. दरवर्षी सांगायचास, शेकोटीजवळ.’

‘पाच हजार,’ तो म्हणाला. ‘पाच हजार पौंड. फार तर साडेपाच.’

‘दांडा उचल. हूक पलीकडे ने.’

त्याने दांडा उचलला. हूक धरून केबल ओढत तो दुसऱ्या खांबाकडे गेला, पाठ तिच्याकडे. ड्रम मोकळा फिरत होता, आणि त्याचा सावकाश आवाज ऐकताना तिने डोळे मिटले नाहीत. ड्रमवर पाच वेढे उरले तेव्हा ती थांब म्हणाली. त्याने हूक भारमापकाच्या कडीत अडकवला, ओढून बघितला आणि परत आला. दांडा खाली पाडला. मग तो तसाच उभा राहिला, दांड्यावर हात ठेवून.

बटण तिच्या हातात होतं. ती वाट पाहत होती.

‘म्हण,’ ती म्हणाली.

रामोनने डाव्या हाताने ड्रम ढकलला. टक झालं.

‘बसला,’ तो म्हणाला, तिला जेमतेम ऐकू जाईल इतक्या आवाजात.

तिने बटण दाबलं. मोटर खालच्या सुरात घुमली, केबल जमिनीवरून उचलली गेली, थरथरली, सरळ झाली. लिनेटने बटण सोडून खांद्यावरचं खाकी जाकीट काढलं आणि केबलच्या मधोमध टाकलं. त्याच्या वजनाने केबल जराही वाकली नाही. ती मागे आली आणि तिने पुन्हा बटण दाबलं. मापकाचे आकडे वर जाऊ लागले. पाच हजारांवरून ते न थांबता पुढे गेले. मोटरचा सूर आणखी खाली उतरला तेव्हा तिने बटण सोडलं. मग मनगटावरच्या घड्याळाकडे बघत एक मिनिट जाऊ दिलं, ड्रमच्या कडेला मारलेली खडूची खूण बघितली आणि वाचलं.

ताण ७,८६० पौंड. एका मिनिटानंतर ७,८४०. ड्रम सरकला शून्य मिलिमीटर.